श्रेणी, कारखाना आणि स्वतःचा माग : विणकराच्या कसबाचा इतिहास

आपल्या ज्ञातीचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे तो बहुधा मार्कंडेय ऋषींपासून व भावनाऋषींपासून सुरू होतो. कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणणाऱ्या पूर्वजाची ती कथा आपणा सर्वांस पूज्य आहे, आणि नारळी पौर्णिमेस सोलापुरात मार्कंडेयांचा रथ निघतो तेव्हा त्या श्रद्धेचे दर्शन सर्व शहरास घडते. परंतु श्रद्धेच्या या इतिहासाबरोबरच दुसराही एक इतिहास आहे. तो हातांचा आहे. मागाचा, सुताचा, उचलीचा आणि व्याजाचा आहे. त्याची पाने आपल्या स्मरणिकांत क्वचितच उघडली जातात. प्रस्तुत लेखात तो अल्पसा प्रयत्न करण्याचे योजिले आहे.

या इतिहासात दोन प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतात. पहिला असा की, वर्षानुवर्षे एकच काम करून ज्याचा हात जाणता झाला आहे, त्या कारागिराचे मोल समाजाने, राजसत्तेने व धनिकाने कसे केले? आणि दुसरा असा की, दुसऱ्याच्या मागावर विणणारा हा कारागीर जेव्हा स्वतःच्या मागाचा धनी झाला, तेव्हा तो खरोखर स्वतंत्र झाला काय? ‘नोकरी मागू नका, स्वतःचा धंदा करा’ असा उपदेश आजच्या तरुणांस सर्व बाजूंनी केला जातो. तो उपदेश चुकीचा नाही. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तो आचरून पाहिला आहे, त्यांनी तरी त्याचा जमाखर्च तपासून पाहिला पाहिजे.

राजाचा ठेवीदार नव्हे, राजाची ठेव ठेवणारा

नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा एक शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या प्रारंभीचा तो काळ. उषवदाताने भिक्षुसंघास एक लेणे दान केले आणि तेथे वर्षावासास राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रादी खर्चाची कायमची तरतूद व्हावी म्हणून ३,००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले. ही ठेव त्याने कोणाकडे ठेवली? सावकाराकडे नव्हे, राजाच्या खजिन्यातही नव्हे. गोवर्धन येथे राहणाऱ्या कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन श्रेणींकडे त्याने ती सोपविली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट होती. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावयाचे होते. हिशोब करून पाहावा : महिन्यास २०, वर्षास २४०, आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा मिळून तेच २४०. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविला गेला होता, असेही तो लेख सांगतो.

या लहानशा हिशोबात फार मोठा अर्थ भरला आहे. राजघराण्यातील पुरुष आपले द्रव्य विणकरांच्या स्वाधीन करतो, आणि ते पिढ्यानुपिढ्या व्याज देत राहतील असा विश्वास बाळगतो. हा विश्वास कोणा एका विणकरावर नव्हता. एकटा विणकर आज आहे, उद्या नाही. तो श्रेणीवर होता. श्रेणी म्हणजे एकत्र आलेले कसब, एकत्र ठेवलेला हिशोब आणि एकाने चूक केल्यास सर्वांनी उत्तर द्यावयाचे असा नियम. जाणत्या हातांचे मोल त्या काळी पैशात होत होते, ते या संघटनेमुळे.

दुसरे उदाहरण मंदसोर येथील. लाट देशात, म्हणजे दक्षिण गुजरातेत, राहणारी रेशमी विणकरांची एक श्रेणी आपला प्रांत सोडून दशपुरास, आजच्या मंदसोरास, येऊन स्थायिक झाली. इसवी सन ४३६-३७ च्या सुमारास या श्रेणीने तेथे सूर्यमंदिर बांधले आणि ४७३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. वत्सभट्टी नामक कवीने रचलेल्या त्यांच्या प्रशस्तीत या विणकरांपैकी काही धनुर्विद्येत, काही कथाकथनात, काही ज्योतिषात निपुण झाले असे वर्णन आहे. काही मात्र आपल्या मूळ धंद्यातच श्रेष्ठ ठरले. स्थलांतर केले, नवे व्यवसाय पत्करले, तरीही श्रेणी म्हणून ते एक राहिले व एका मंदिराचा खर्च त्यांनी दोन वेळा उचलला. आपला समाजही तेलंगणातून उठून महाराष्ट्रात आलेला आहे. म्हणून हे उदाहरण आपणास विशेष जवळचे वाटावे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाचे एक प्रकरण आहे. त्यात सूत बारीक, मध्यम की जाडेभरडे हे पाहून मजुरी ठरवावी, असा नियम सांगितला आहे. विधवा, अपंग स्त्रिया, घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रिया यांच्याकडून सूत कातून घेण्याची व्यवस्थाही त्यात आहे. काम किती झाले यापेक्षा कसे झाले याला अधिक किंमत देणारी ही दृष्टी लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढे पुढे ती लोपत गेली.

कौल आणि दादन

मध्ययुगात व मराठेशाहीत राजे व सरदार नवी पेठ वसवीत तेव्हा उदमी व कारागीर यांना बोलावून आणीत. त्यांना कौल देत, काही वर्षांपुरती करमाफी देत, घरासाठी जागा देत. पुण्याच्या पेठा अशाच वसल्या. पैठण व येवले येथील विणकामाची कीर्ती तर सर्वश्रुत आहे. राज्यकर्त्यास ठाऊक होते की, माग चार लाकडांचा असतो; तो कोठेही उभा करता येतो. परंतु त्यावर बसणारा माणूस तयार होण्यास एक पिढी लागते. म्हणून तो माणूसच निमंत्रण देऊन आणावा लागतो.

या संबंधाचे स्वरूप पालटले ते दादनीच्या प्रथेने. दादन म्हणजे आगाऊ रक्कम. अठराव्या शतकात बंगाल्यात इंग्रज कंपनीचे गुमास्ते विणकराच्या हाती आगाऊ पैसे ठेवीत आणि मग ते कापड कंपनीसच, तेही कंपनी ठरवील त्या दराने, देणे त्यास भाग पडे. दुसऱ्या गिऱ्हाईकाने अधिक दर देऊ केला तरी त्याला विकण्याची मुभा नसे. ज्या विणकराच्या हातास युरोपच्या बाजारात मागणी होती, तोच विणकर आपल्या हाताचा धनी उरला नाही. नाशिकच्या श्रेणी दुसऱ्याची ठेव सांभाळून व्याज देत होत्या. बंगालचा विणकर दुसऱ्याची उचल घेऊन आपले स्वातंत्र्य देत होता. कसब तेच होते. मधल्या काळात संघटना मात्र नाहीशी झाली होती.

सोलापूरचा कारखाना

आता आपण आपल्या घराकडे वळू. १८६० मध्ये आगगाडी सोलापुरास पोहोचली. १८७६ ते १८७८ या वर्षांच्या भीषण दुष्काळाने दख्खनचा मोठा भाग होरपळून निघाला. त्याच सुमारास, १८७७ मध्ये, पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून प्रसिद्धीस आलेली सोलापूरची पहिली सूतगिरणी व विणगिरणी सुरू झाली. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या एकामागून एक उभ्या राहिल्या. तेव्हाच्या निजाम राज्यातील करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या भागांतून आपले पूर्वज पायी, बैलगाडीने, पुढे आगगाडीने येऊ लागले. काहींना गिरणीच्या विणखात्यात साचे मिळाले. परंतु फार मोठा वर्ग हातमागाच्या कारखान्यांत शिरला.

‘कारखाना’ हा शब्द येथे त्याच्या सोलापुरी अर्थाने समजून घेतला पाहिजे. एका धन्याच्या जागेत ओळीने मांडलेले हातमाग, त्यावर विणणारे मजूर, त्यांपैकी अनेकांचे बिऱ्हाडही तेथेच, आणि धनी बहुधा आपल्याच ज्ञातीचा, कित्येकदा नात्यातलाही, असे त्या कारखान्याचे रूप होते. सूत धन्याचे, माग धन्याचा, विक्री धन्याची. विणकराची मजुरी नगावर. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ना. मे. जोशी यांनी लिहिलेल्या दख्खनमधील नागरी हस्तव्यवसायांवरील ग्रंथात या काळच्या हस्तव्यवसायांचे तपशीलवार वर्णन आलेले आहे. ज्यांस आपल्या आजोबांचे दिवस जाणून घ्यावयाचे असतील त्यांनी तो अवश्य वाचावा.

या कारखान्यांत जाणत्या विणकराचे मोल कसे होत असे? उत्तर आपल्या सर्वांच्या घरी ठाऊक आहे : उचलीने. जो विणकर नऊवारी लुगड्याचा काठ सफाईने लावी, ज्याच्या हाती ताणा कमी तुटे, ज्याचा नग बाजारात परत येत नसे, त्यास आपल्याकडे ओढण्यासाठी धनी मोठी उचल देऊ करीत. लग्नसराईत, आजारपणात, गावाकडील देणे फेडावयाचे झाल्यास ही उचल वरदानासारखी वाटे. परंतु ती फिटेपर्यंत कारखाना सोडता येत नसे. आणि फिटण्यापूर्वीच पुढची गरज दारात उभी राही. दुसऱ्या धन्याकडे जावयाचे तर त्याने पहिल्याची रक्कम भरावयाची, म्हणजे विणकराच्या खांद्यावरील जू तेच, फक्त गाडी बदललेली. ज्याचा हात जितका जाणता, त्याची उचल तितकी मोठी, आणि उचल जितकी मोठी तितकी त्याची बेडी वजनदार, अशी ही विपरीत स्थिती होती. अनुभवाची किंमत कोणी नाकारीत नव्हते. ती भरपूर दिली जात होती, पण कर्जाच्या रूपाने.

येथे एक गोष्ट निःपक्षपातीपणे सांगितली पाहिजे. धनी म्हणजे केवळ शोषक असे चित्र रंगविणे अन्यायाचे होईल. सुताच्या व्यापाऱ्याचा तगादा त्याच्याही मागे होता, लुगड्याचा बाजार पडला म्हणजे त्याचेही दिवाळे वाजत असे, आणि दुष्काळात गावाहून आलेल्या कुटुंबास पहिला आसरा त्याच्याच कारखान्यात मिळाला, हे विसरता येत नाही. अनेक धनी स्वतः एके काळी मजूर विणकर होते. परंतु व्यवस्थेतील दोष व्यक्तीच्या चांगुलपणाने नाहीसा होत नाही. एक मजूर धनी झाला म्हणून उरलेल्यांची उचल फिटली असे घडले नाही.

जाणता हात म्हणजे काय?

‘अनुभवी कामगार’ हा शब्द आपण सहज वापरतो. पण त्यात कोणते ज्ञान साठविलेले असते याचा विचार क्वचित करतो. विणकाम हा केवळ धोटा फेकण्याचा उद्योग नव्हे. सुताला खळ किती द्यावी, हे हवेवर अवलंबून असते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात धागा ठिसूळ होऊन तटातट तुटतो, पावसाळ्यात तोच सैल पडतो. पांजणी करताना खळीचा दाटपणा बोटांनी ओळखावा लागतो. तो कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नसतो. ताण्यातील शेकडो धाग्यांतून नेमका तुटलेला धागा शोधून, गाठ दिसणार नाही असा सांधावा लागतो. मागाचा आवाज किंचित बदलला की जाणता विणकर हात थांबवितो. नवखा मात्र वीतभर कापड वाया गेल्यावर थांबतो.

जॉन के याने १७३३ मध्ये इंग्लंडात शोधून काढलेला धावता धोटा आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रुळला. हाताने धोटा फेकण्याऐवजी दोरीच्या झटक्याने तो पळू लागला, आणि दिवसाचे काम बरेच वाढले. पुढे जॅकार्डची यंत्रणा आली. लियोंच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही छिद्रांच्या पत्त्यांची युक्ती सोलापूरच्या चादरीवरील फुले, मोर आणि वेलबुट्टी यांची जननी होय. या दोन्ही सुधारणा आपल्या विणकरांनी आत्मसात केल्या. ‘जुना कारागीर नवे यंत्र पत्करीत नाही’ हा आक्षेप किती पोकळ आहे, हे यावरून दिसून येईल. ज्याला जुने पूर्णपणे येते तोच नव्याचा दोष चटकन ओळखतो आणि त्याला आपल्या कामास जुळवून घेतो.

या ज्ञानाचा अर्धा भाग स्त्रियांच्या हाती होता व आहे, हे मात्र आपल्या लिखाणात नेहमी सुटते. सूत उकलणे, कांड्या भरणे, ताणा मांडण्यास व पांजणीस मदत करणे ही सर्व कामे घरातील स्त्रिया व मुले करीत. कारखान्याच्या वहीत मजुरी एकट्या विणकराच्या नावे लागे. कुटुंबाचे श्रम त्यातच जमा धरलेले असत. हातमागाचे काम आटले तेव्हा याच स्त्रियांनी विड्या वळून घर चालविले आणि सोलापुरातील असंख्य घरांत त्या आजही चालवीत आहेत. १९१९-२० च्या, म्हणजे शतकापूर्वीच्या, गोष्टी सोडून द्या. २०१९-२० मध्ये झालेल्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग-विणकर व साहाय्यक कामगार आढळले आणि त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून पुष्कळच अधिक होती. तेव्हा जाणता हात म्हटला म्हणजे तो पुरुषाचाच, हा समज आता सोडून दिला पाहिजे.

गिरणी बंद पडली तेव्हा

ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली. हजारो कुटुंबांच्या चुली एकदम विझण्याची वेळ आली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. एका भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ती याचिका १९५० च्या अखेरीस फेटाळली गेली. पुढे १९५३ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने हा वटहुकूम भागधारकांच्या मालमत्तेच्या हक्काविरुद्ध असल्याचा निर्णय दिला. भारताच्या घटनात्मक इतिहासात हे दोन्ही निर्णय महत्त्वाचे मानले जातात आणि कायद्याचे विद्यार्थी ते आजही अभ्यासतात. सोलापूरचे नाव अशा रीतीने कायद्याच्या ग्रंथांत गेले. परंतु त्या निकालपत्रांतील वाद मालमत्ता कोणाची, हा होता. वीस-पंचवीस वर्षे साच्यावर उभे राहून ज्याने कसब कमावले, त्याच्या त्या कसबावर कोणाचा हक्क आणि गिरणी बंद पडल्यावर त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न कोणत्याही न्यायासनापुढे नव्हता. तो प्रश्न त्याने स्वतःच सोडवावयाचा होता.

त्याने तो कसा सोडविला, ही आपल्या ज्ञातीच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट होय. सरकारचे धोरण त्या काळी लघुउद्योगास अनुकूल होते. १९५० मध्ये काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवण्यात आले. १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळाची पुनर्रचना झाली. १९५३ च्या कायद्याने गिरणीच्या कापडावर उपकर बसवून त्यातून खादी व हातमाग यांच्या साहाय्याची तरतूद झाली. १९५५ मध्ये प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने विकेंद्रित उद्योगांची बाजू मांडली. या अनुकूल वाऱ्यात अनेक विणकरांनी दोन-चार माग घेऊन स्वतःचा धंदा मांडला. लुगड्याची मागणी ओसरू लागली तेव्हा ते चादरीकडे व टॉवेलकडे वळले. वीज आली तेव्हा यंत्रमाग आले. गिरण्यांनी मोडीत काढलेले माग विकत घेऊन, ते उघडून, झिजलेले भाग बदलून, पुन्हा चालते करण्याचे काम गिरणीत अनुभव घेतलेल्या हातांनाच शक्य होते. नवे माग घेण्याइतके भांडवल या लोकांजवळ नव्हते. अनुभव हेच त्यांचे भांडवल ठरले. ज्या सोलापुरी चादरीस व टॉवेलास २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशनाचे कायदेशीर संरक्षण लाभले, त्या मालाची कीर्ती या अनाम हातांनी उभारलेली आहे.

इचलकरंजीचा इतिहासही असाच बोधप्रद आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग चालविला आणि संस्थानिक घोरपडे यांच्या उत्तेजनाने त्या लहान गावात विकेंद्रित वस्त्रोद्योगाची पाळेमुळे रुजली. मालेगाव व भिवंडी येथे उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी हेच केले. जात, भाषा, धर्म भिन्न. परंतु मार्ग एकच : दुसऱ्याच्या मागावर शिकावयाचे आणि स्वतःचा माग घालावयाचा.

स्वतःचा माग, परंतु सूत कोणाचे?

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासलेखकास शोभणार नाही. माग स्वतःचा झाला तरी सूत व्यापाऱ्याचे राहिले. व्यापारी सूत देई, विणकर ते विणून देई, आणि त्यास नगावर मजुरी मिळे. कागदावर तो मालक होता. व्यवहारात तो मजूरच राहिला. फरक इतकाच झाला की, पूर्वी माग बिघडला तर दुरुस्ती धनी करी, आता ती याने स्वतः करावयाची. पूर्वी काम नसे तेव्हा धन्याच्या दाराशी बसता येई, आता विजेचे बिल व कर्जाचा हप्ता याच्याच नावे येऊ लागला. गिरणीतील भविष्यनिर्वाह निधी, कामाचे तास, आजारपणाची सवलत ही सर्व साधने ‘मालक’ झाल्याबरोबर संपली. १९६४ च्या सुमारास अशोक मेहता समितीने यंत्रमाग धंद्याची जी पाहणी केली, तिच्यापासून आजतागायत हा प्रश्न सुटलेला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगावाची जी वाताहत झाली ती सर्वांस विदित आहे. गिरण्यांचे उत्पादन यंत्रमागांकडे वळले, आणि गिरणीतून बाहेर पडलेल्या पुष्कळ कुशल कामगारांस तेच काम अल्प मजुरीत, कोणत्याही संरक्षणाविना करावे लागले. सोलापुरातील मोठ्या गिरण्याही त्यापुढील दोन दशकांत थंडावल्या. पन्नाशीच्या दशकात विणकर आपण होऊन स्वतंत्र धंद्याकडे गेला होता. या वेळी त्यास तिकडे ढकलण्यात आले. दोन्ही गोष्टींस आज ‘स्वयंरोजगार’ हे एकच नाव दिले जाते. परंतु उडी मारणारा आणि ढकलला गेलेला, दोघेही खाली पोहोचतात म्हणून दोघांची अवस्था सारखी होत नाही.

सहकाराचे यश आणि अपयश

यावर उपाय म्हणून सहकाराचा मार्ग पूर्वीच सुचविण्यात आला होता. इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ मध्ये अठ्ठावीस सभासदांनी, ज्यांत विणकरांचा भरणा होता, अठ्ठावीस पौंड भांडवलावर सहकारी दुकान काढले आणि जगातील सहकारी चळवळीचा पाया घातला. आपल्याकडे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सूत नियंत्रणाखाली आले तेव्हा विणकर सोसायट्यांचे पीक आले. कारण सोसायटीमार्फत सूत मिळे. परंतु सूत वाटण्यापुरती जन्मलेली सोसायटी सुताचे नियंत्रण उठताच निष्प्राण झाली. अनेक ठिकाणी माग एकाचे, सभासद नावापुरते, आणि सवलत तिसऱ्याच्या घरात, असाही प्रकार झाला. १९७४ च्या शिवरामन समितीनेही हातमाग सोसायट्यांपैकी पुष्कळशा सुप्तावस्थेत असल्याकडे लक्ष वेधले होते. तथापि ज्या संस्थांनी सूतखरेदी, रंगाई आणि विक्री ही तिन्ही कामे स्वतःकडे घेतली व हिशोब उघडे ठेवले, त्या दीर्घकाळ टिकल्या. दोष सहकाराच्या तत्त्वात नव्हता. सरकारी सवलत संपल्यावरही एकत्र राहण्याचे कारण ज्यांनी निर्माण केले नाही, त्यांची संस्था सवलतीबरोबरच संपली, इतकेच.

नाशिकच्या विणकरांकडे परत एकदा दृष्टी टाकावी. त्यांस कोणी अनुदान दिले नव्हते. त्यांच्याकडे ठेव आली ती त्यांचा शब्द व त्यांचा हिशोब खरा होता म्हणून. पतपेढी प्रथम मनात उभी राहते, मग इमारतीत.

आजचे कर्तव्य

एवढा इतिहास सांगण्याचा उद्देश केवळ पूर्वजांचे गुणगान करणे हा नाही. आपल्या ज्ञातीतील तरुण आज अभियंते, वैद्य, वकील, संगणकतज्ज्ञ होत आहेत, ही अत्यंत आनंदाची गोष्ट आहे. मंदसोरच्या विणकरांप्रमाणे त्यांनी अवश्य नाना विद्या संपादन कराव्यात. परंतु ज्यांच्या उचलीवर, विड्यांच्या हजेरीवर आणि रात्रपाळीवर हे शिक्षण झाले, त्या जाणत्या पिढीचे ज्ञान तिच्याबरोबरच नाहीसे होऊ देणे हे कृतज्ञतेचे लक्षण नव्हे, आणि शहाणपणाचेही नव्हे.

म्हणून काही सूचना समाजाच्या विचारार्थ नम्रपणे मांडाव्याशा वाटतात. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील साठीच्या पुढील विणकर, जॅकार्डचे जाणकार, रंगारी, माग दुरुस्त करणारे आणि कांड्या भरण्यात व ताणा मांडण्यात आयुष्य घालविलेल्या स्त्रिया यांची नोंद करावी. त्यांचे काम त्यांच्याच तोंडून उतरवून घ्यावे. जो तरुण स्वतःचा धंदा काढू इच्छितो त्यास कर्ज मिळवून देण्यापूर्वी अशा एखाद्या जाणत्याजवळ वर्षभर बसविण्याची प्रथा पाडावी. २०१५ पासून मुद्रा योजनेत तारणाविना कर्ज मिळू शकते, परंतु अनुभव कोणत्याही बँकेच्या खिडकीत मिळत नाही. शिकविणाऱ्यास त्याबद्दल मानधन द्यावे, केवळ शाल-श्रीफळ नव्हे. आणि ज्यांचे दोन-चार माग आहेत त्यांनी सूत एकत्र घ्यावे, माल एका नावाने विकावा व हिशोब सर्वांपुढे मांडावा. ज्यांस हे थोडे वाटत असेल त्यांनी ध्यानात घ्यावे की, सूत व बाजार हातात नसता घेतलेला माग म्हणजे नव्या नावाची जुनीच उचल होय.

आपल्यातील जे बंधू आज धनी आहेत त्यांसही एक विनंती आहे. जाणत्या कामगाराचे मोल उचलीने न करता मजुरीने करावे. त्याच्या हातातील वीस वर्षांस दरात वाटा द्यावा, त्याच्या भविष्यनिर्वाहाची व्यवस्था करावी. असा कामगार कारखाना सोडून जाण्यास मोकळा असतो आणि बहुधा म्हणूनच सोडून जात नाही. त्यातूनही तो गेला व त्याने स्वतःचा माग घातला, तर त्यास स्पर्धक न समजता आपल्याच कारखान्याचा पदवीधर समजावे. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा असेच कोणाचा तरी कारखाना सोडून निघाले होते.

श्रेणी गेली, दादन गेली, गिरण्याही गेल्या. या सर्व उलथापालथीत विणकराजवळ एकच वस्तू सतत राहिली, ती म्हणजे त्याचा जाणता हात. तो हात एकटा होता तेव्हा त्यास ज्याने त्याने गहाण ठेवून घेतले. तो इतर हातांशी जोडला गेला तेव्हा राजघराण्यानेही त्याच्यापाशी ठेव ठेवली. हा बोध ध्यानी धरून आपला समाज पुढील वाटचाल करील, अशी श्रीमार्कंडेयचरणी प्रार्थना करून हा लेख येथे पुरा करतो.